पंखा नसलेला डबा आणि अकोल्याचा मे महिना

हा आपल्या नव्या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि मधेमधे पाणी प्यायलो ते काढून टाकलंय.

 

आज सुरुवातीलाच एक काम देतो. तुमच्या हातात किंवा खिशात जो फोन आहे, त्याच्या पाठीला हात लावून बघा. कोमट लागला? मे महिन्यात बाहेर उन्हात मॅप लावला की स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंग थांबतं, गेम अडकायला लागतो. आपण म्हणतो, फोन जुना झाला. खरं तर फोन स्वतःला वाचवत असतो. त्यात पंखा नाही. आतली उष्णता पाठीतून हवेत जाते, तेवढाच मार्ग. तो कमी पडला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

आजचा विषय हाच आहे, पण फोनच्या जागी एक छोटा कॉम्प्युटर आहे. रास्पबेरी पाय ४. क्रेडिट कार्डाएवढ्या बोर्डवर अख्खा कॉम्प्युटर. तो पंख्याशिवाय थंड कसा ठेवायचा, आणि तो करताना मी काय माती खाल्ली, ते सांगतो.

अभ्यासिकेतला डबा

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. तिथे एक अभ्यासिका आहे. एक मोठी खोली, वर पत्रे, तीस-पस्तीस खुर्च्या, एक कुलर. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, सगळ्यांचा अभ्यास एकाच खोलीत. मी बारावीत असताना तिथेच बसायचो.

दोन वर्षांपूर्वी मी तिथे एक रास्पबेरी पाय नेऊन ठेवला. राउटरला केबलने जोडलेला. त्यात किविक्सवर चालणारा ऑफलाइन विकिपीडिया, बालभारतीची पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका. इंटरनेट नसलं तरी मुलं वायफायवरून फोनवर हे सगळं उघडू शकतात. शिवाय मी एक हौस केली. मुलांनी प्रश्नपत्रिकेचे फोटो टाकले, की तो पाय त्यातला मजकूर ओळखतो आणि मग शब्द टाकून शोधता येतं. हे टेसरॅक्ट नावाच्या ओपन सोर्स प्रोग्रामने होतं. मराठीही वाचतो तो. पण हे काम जड आहे, चारही कोअर भरून चालतात.

डबा प्लास्टिकचा होता. झाकणावर ३० मिलिमीटरचा छोटा पंखा. पुण्यात माझ्या टेबलावर मस्त चालला.

पहिल्या हिवाळ्यात पंखा कुरकुरायला लागला. आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंग चालू झालं की हवेत बारीक रुई उडते. ती पंख्याच्या पात्यांवर बसली, त्यावर धूळ बसली. आणि अभ्यासिकेत शांतता म्हणजे इतकी, की कुणी पेन आपटलं तरी तीन माना वर होतात. तिथे हा दिवसभर कर्रर्र. काकांचा, म्हणजे अभ्यासिका सांभाळतात त्या काकांचा, फोन आला.

"अबे, तुह्या डब्याचा आवाज बंद करता येते का? पोरं वरडून राह्यले."

मी पुण्यात. म्हटलं, काका, थंडीच आहे, पंख्याची वायर उपसून टाका, काही होत नाही. बघतो नंतर.

ते "नंतर" मे महिन्यात आलं.

८० चा उंबरठा

मे महिन्यात काकांचा पुन्हा फोन. "दुपारून त चालतच नाही थे."

सकाळी ठीक, रात्री ठीक, फक्त बारा ते पाच बंद पडल्यासारखं. एक पान उघडायला मिनिट. मला वाटलं राउटर असेल. मग त्यांनी सांगितलं, एक मुलगी शेजारच्या खेड्यातून एसटीने येते. तिची गाडी बाराला पोचते आणि परतीची साडेचारला. घरी लॅपटॉप नाही. तिला मिळतात तेच नेमके साडेचार तास. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर होती. "तिनं विचारलं, सर, थे सकाळचं मशीन दुपारी काहून नसते?"

तेव्हा मी पुण्यातून लॉगिन केलं आणि तापमान बघितलं. ८२.

आता हे ८२ म्हणजे काय? रास्पबेरी पाय ४ मधला प्रोसेसर साधारणपणे १.५ गिगाहर्ट्झवर चालतो. तापमान ८० च्या वर गेलं की तो वेग कमी करायला लागतो. ८५ च्या वर गेलं की ग्राफिक्सचा भागही मंदावतो. हा बिघाड नाही, ही रचनाच आहे. चिप जळू नये म्हणून. पण वापरणाऱ्याला एरर दिसत नाही, काही लाल दिसत नाही. फक्त मशीन हळू होतं. सगळ्यात त्रासाची गोष्ट हीच, की ते मुकाट्याने होतं.

तुमच्याकडे पाय असेल तर दोन कमांड लक्षात ठेवा. दोन्हीची सुरुवात व्ही-सी-जेन-सी-एम-डी. त्यापुढे मेझर अंडरस्कोर टेम्प लिहिलं की तापमान मिळतं. आणि गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड लिहिलं की मशीन चालू झाल्यापासून कधी वेग कमी करावा लागला का, किंवा चार्जरने व्होल्टेज कमी दिलं का, ते कळतं. उत्तर शून्य आलं तर सगळं छान. दुसरं काहीही आलं तर चौकशी करा. मी ही दुसरी कमांड दोन वर्षांत एकदाही चालवली नव्हती. सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक. असो.

उष्णता जाते कुठून

नवा पंखा लावणं सोपं होतं. पण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रुई, पुन्हा कर्रर्र, आणि मी पुन्हा पाचशे किलोमीटर लांब. मग ठरवलं की फिरणारा भागच नको. अ‍ॅल्युमिनियमचा जाड डबा घ्यायचा, जो स्वतःच हीटसिंक आहे. आतून त्याला एक ठोकळा असतो, तो प्रोसेसरवर टेकतो, आणि अख्खा डबा उष्णता बाहेर टाकतो. याला पॅसिव्ह कूलिंग म्हणतात.

इथे एक गैरसमज आधी काढतो. पॅसिव्ह म्हणजे काहीच न करणं नव्हे. उष्णतेला चिपपासून खोलीच्या हवेपर्यंत वाट लागते. ती वाट जिथे सगळ्यात अरुंद, तिथे ती अडते. ट्रॅफिकसारखंच. पुढे सहा लेन असल्या तरी मधे एका लेनचा पूल असेल, तर रांग लागणारच.

पहिला अरुंद पूल म्हणजे चिप आणि धातू यांच्यामधली जागा. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसतात, पण मधे बारीक हवा अडकते. हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. अ‍ॅल्युमिनियम तिच्या हजारो पट चांगलं. पोळी आठवा. तव्यावर पोळी फुगली की वर आलेला भाग तव्यापासून सुटतो आणि तिथे भाजणं मंदावतं. म्हणून आई फडक्याने दाबते. तसंच इथे. मधे थर्मल पॅड किंवा पेस्ट घालायची, म्हणजे हवा निघून जाते. आणि पेस्ट पातळ लावायची, श्रीखंडासारखी नाही. ती धातूपेक्षा कमीच वाहते, तिचं काम फक्त फटी भरणं.

दुसरा पूल म्हणजे डब्यापासून हवेपर्यंत. पंखा नसेल तर हवा स्वतःच हलते. गरम झाली की वर जाते, खालून थंड येते. हे काम सावकाश होतं, म्हणून पृष्ठभाग मोठा लागतो. ऑनलाइन मिळतात ते नखाएवढे चिकटवायचे हीटसिंक इथेच कमी पडतात. धातू चांगला असतो, पण हवेला लागणारी जागाच थोडी.

डब्यावरच्या पट्ट्या, म्हणजे फिन, किती जवळ असाव्यात? पंखा असेल तर दाट चालतात, कारण हवा जोराने ढकलली जाते. पंखा नसेल तर विरळ बऱ्या. दाट पट्ट्यांमधून हवा आपणहून वर चढत नाही, अडकून बसते. आणि पट्ट्या उभ्या ठेवा, म्हणजे हवेला वर जायला सरळ वाट मिळते.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नवीन होती. डबा हवेला उष्णता देतोच, पण इन्फ्रारेड किरणांच्या रूपातही बरीच टाकतो. पंखा नसताना हा वाटा जवळपास निम्म्याच्या घरात जाऊ शकतो. पण चकचकीत उघडं अ‍ॅल्युमिनियम हे काम फार वाईट करतं. अ‍ॅनोडाइज केलेलं, म्हणजे ज्यावर तो मंद रंगीत थर असतो, ते चांगलं करतं. रंग काळाच हवा असं नाही, इन्फ्रारेडला निळा-काळा भेद फारसा नसतो. फक्त चकचकीत नको.

पुण्यात पास, अकोल्यात नापास

तर असा काळा अ‍ॅनोडाइज केलेला डबा मागवला. माझ्याकडे दुसरा पाय होता, त्यावर बसवला. चारही कोअरना काम देऊन तासभर चालवला. तासभर का, तर धातूचा ठोकळा हळूहळू तापतो. पाच मिनिटांची टेस्ट खोटं बोलते. एका तासानंतर तापमान ७३ वर थांबलं.

७३ म्हणजे ८० पेक्षा कमी. पास! सगळा डेटा त्यावर घेतला, रात्रीची गाडी पकडली, सकाळी अकोला, तिथून एसटी. जुना डबा होता त्याच जागी, स्टीलच्या कपाटावर, नवा ठेवला. काकांनी चहा दिला.

दुपारी दीड वाजता मशीन पुन्हा तसंच. ८३. पान उघडेना.

खरं सांगतो, मला लाज वाटली. ती मुलगी समोरच्या खुर्चीवर होती. काही बोलली नाही. फोन बाजूला ठेवला आणि वही काढली.

चूक काय होती? मी तापमान बघत होतो. बघायला हवा होता फरक.

पुण्यात माझ्या खोलीत तेव्हा २८ अंश होते. चिप ७३. म्हणजे चिप हवेपेक्षा ४५ अंशांनी वर. हा ४५ आकडा डब्याचा आणि कामाचा आहे. तो सोबत प्रवास करतो. २८ आकडा पुण्याचा आहे, तो पुण्यातच राहतो. पत्र्याखाली त्या कपाटावर मी थर्मामीटर ठेवला, तर ४७. सत्तेचाळीस अधिक पंचेचाळीस, ब्याण्णव. चिप ९२ पर्यंत जायला बघत होती आणि ८० नंतर स्वतःला आवरत होती.

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: तुमच्या खोलीतलं तापमान वजा करा, मग जिथे मशीन ठेवणार तिथलं सगळ्यात वाईट तापमान मिळवा. बाकी सगळं त्याच्या पुढचं.

आणि हेही, की हीटसिंक हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. माठ होतो. माठातून पाणी पाझरतं, बाष्प होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ४४ अंशातही पाणी गार. हीटसिंककडे ती युक्ती नाही. खोलीचं तापमान हा त्याचा पाया, त्याच्या वरच तो उभा राहणार.

त्या दुपारी काय काय केलं

आधी डबा उघडला. ४५ अंशांचा फरक एवढ्या जाड धातूला जास्त वाटत होता. स्क्रू काढले, ठोकळा उचलला, आणि थर्मल पॅडवर ती पातळ पारदर्शक फिल्म तशीच. पॅडच्या दोन्ही बाजूंना संरक्षक फिल्म असते. मी एकच काढली होती. पोळी आणि तव्याच्या मधे प्लास्टिक ठेवून भाजत होतो.

फिल्म काढली, पुन्हा बसवला, तासभर थांबलो. फरक ४५ वरून ३२ वर आला. कपाटावरच्या ४७ मधे मिळवले तर ७९. काठावर.

मग जागा. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलो, आणि मशीन ठेवलं खोलीतल्या सगळ्यात उंच जागी, तापलेल्या पत्र्याच्या दोन फूट खाली. टेबलाच्या उंचीवर मोजलं तर ४२. पाच अंश फुकटात. काकांनी उत्तरेच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला दोन खिळे ठोकून दिले. पश्चिमेची भिंत नाही, ती दुपारनंतर स्वतःच तव्यासारखी तापते. डबा उभा टांगला, पट्ट्या उभ्या, मागे बोटभर जागा, राउटर आणि इन्व्हर्टरपासून लांब. आता ७४.

मग कामच कमी केलं. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून प्रोसेसरचा वेग १५०० वरून १२०० मेगाहर्ट्झवर बांधून टाकला. यात गंमत अशी, की वेग कमी केला की चिपला व्होल्टेजही कमी लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे वेग जितका सोडतो, त्यापेक्षा उष्णता जास्त वाचते. फरक ३२ वरून २५ वर आला. ४२ अधिक २५, ६७.

डबा धातूचा असल्यामुळे पायचं स्वतःचं वायफाय तसंही कमकुवत होणार होतं. ते आणि ब्लूटूथ बंद केलं. केबल आहेच.

आणि शेवटी फोटोतला मजकूर ओळखायचं ते जड काम रात्री दोन वाजता लावलं. दुपारी बाराला टाकलेला फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी शोधता येतो. कुणाचं काही बिघडत नाही. हे तर मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. याला ना पेस्ट लागते ना अ‍ॅल्युमिनियम. सगळ्यात स्वस्त कूलिंग म्हणजे तापायच्या वेळी काम न करणं. आमच्या गावात शेतावरची माणसं हेच करतात. पहाटे जातात, दुपारी झाडाखाली.

तीन वाजता त्या मुलीला म्हटलं, ताई, आता बघा. तिने २०१९ चा पेपर उघडला. लगेच उघडला. ती पुन्हा काही बोलली नाही, वाचायला लागली. तिच्याकडे दीड तास उरला होता.

तुम्हाला करायचं असेल तर

घरी जाहिराती अडवायला, फोटोंच्या बॅकअपला किंवा सेन्सरसाठी पाय लावला असेल, तर पॅसिव्ह डबा बहुतेक वेळा पुरतो. कारण असं मशीन दिवसातला बराच वेळ रिकामंच असतं.

पण काही ठिकाणी पंखा नाकारू नका. पाय ५ हा २.४ गिगाहर्ट्झचा आहे, जास्त वीज खातो. त्यावर सतत जड काम असेल, व्हिडिओ बदलणं वगैरे, तर कंपनीचाच पंख्याचा कूलर वेगळा मिळतो, तो लावा. किंवा पॅसिव्हच हवं असेल तर बराच मोठा डबा घ्या. आणि हे बोर्ड ५० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या हवेसाठी बनवलेत. बंद पत्र्याच्या पेटीत, उन्हात, ५५ अंशात ठेवणार असाल, तर कुठलाही हीटसिंक वाचवणार नाही. तिथे आधी सावली करा.

डब्यावर स्टिकर चिकटवू नका, वर वही-पुस्तक ठेवू नका. दर दोन-तीन महिन्यांनी कोरड्या फडक्याने पुसा, धूळही पांघरूणच असते. आणि हो, तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत ठेवा. बस.

त्या मे महिन्यात मी मशीनला दर पाच मिनिटांनी तापमान लिहून ठेवायला लावलं. परीक्षेपर्यंतचा सगळ्यात वरचा आकडा ७१. गेट थ्रॉटल्ड, शून्य. जानेवारीत जिनिंग जोरात असताना काकांना मुद्दाम फोन केला. विचारलं, काका, डबा कसा आहे?

म्हणाले, "मले त समजतच नाही चालू हाय का बंद. पोरं वापरून राह्यले म्हणजे चालू असन."

एवढंच हवं होतं.

आता तुमचं काम. तुमच्याकडे पाय असो, लॅपटॉप असो, राउटर असो, खोलीचं तापमान आणि मशीनचं तापमान एकदा एकत्र लिहून ठेवा. दुपारी दोनला, मे महिन्यात. आणि मला कळवा तुमचा फरक किती आला. तापमान नको, फरक सांगा.

भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा.